पीट रोझला हॉल ऑफ फेममध्ये घ्या, शूलेस जो जॅक्सनला नको

प्रश्न असा आहे की पीट रोझने बेटिंग केलं हे मान्य, पण त्याने स्वतःच्या टीमविरुद्ध कधी पैसे लावल्याचं सापडलं नाही, आता तर तो गेल्यावर त्याच्यावरची बंदीही उठवली, मग त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला अडतंय कुठे? आणि हाच न्याय लावायचा तर बाकीच्या खेळांत सट्ट्यापायी बंदी आलेल्यांचं काय करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोझवरची आजीवन बंदी पूर्णपणे बरोबर होती, त्यात मला तसूभरही शंका नाही. तरीही त्याचं नाव मतदानाला यायला हवं होतं आणि माझ्या हातात मत असतं तर मी ते त्याला दिलं असतं. १९१९ च्या मॅच-फिक्सिंग प्रकरणात कायमचं बाहेर केलेल्या जो जॅक्सनला दिलं नसतं. लोकांची सहानुभूती बऱ्याचदा जॅक्सनकडे जास्त असते म्हणून हे जरा उलटं वाटेल, पण बरीच वर्षं क्रिकेटमध्ये शिस्तपालनाच्या सुनावण्यांना बसून आणि तरुण खेळाडूंचे अँटी-करप्शनचे सेशन घेऊन मी या मतावर आलोय, आणि बेसबॉल तर त्याच्याही आधीपासून बघतोय.

ज्यांना बेसबॉलची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. रोझच्या नावावर ४,२५६ हिट्स आहेत (हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठणं), मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, आजपर्यंत कोणाच्याही नाहीत इतक्या. टाय कॉबचा रेकॉर्ड त्याने सप्टेंबर १९८५ मध्ये मोडला. १९६३ चा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू), १९७३ चा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), १९७८ मध्ये सलग ४४ सामन्यांत हिट. म्हणजे खेळाच्या जोरावर बघायचं तर चर्चा करायचीच गरज नाही. पुढे तो सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर झाला, आणि बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे नुसता सामान सांभाळणारा नाही बरं का, कोण खेळणार, कोणत्या नंबरवर बॅटिंग करणार, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी बदलायचा, सगळं तोच ठरवतो, आपल्या क्रिकेटच्या भाषेत कॅप्टन आणि कोच एकत्र. त्या खुर्चीत बसून तो स्वतःच्याच टीमच्या सामन्यांवर बुकींकडे पैसे लावत होता. १९८९ मध्ये जॉन डाऊड नावाच्या वकिलाने चौकशी केली, २२५ पानांचा रिपोर्ट आला, त्यात १९८७ च्या सीझनमधल्या रेड्सच्या ५२ सामन्यांवरच्या बेट्स दाखवल्या आहेत, फोनचे रेकॉर्ड आणि रोझच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. ऑगस्ट १९८९ मध्ये रोझने कमिशनर बार्ट जियामाटीबरोबर करार करून कायमची बंदी स्वीकारली. करारात त्याने बेसबॉलवर बेटिंग केलं असा औपचारिक निष्कर्ष नव्हता, आणि त्याच आधारावर तो पुढची जवळजवळ १५ वर्षं नाही म्हणत राहिला. २००४ मध्ये शेवटी कबूल केलं.

आता तो "आपल्याच टीमच्या बाजूने" वाला मुद्दा. माझ्या प्रत्येक सेशनमध्ये हा येतोच. मागच्या रांगेतला एखादा मुलगा हात वर करतो आणि विचारतो, सर, मी माझी टीम जिंकेल म्हणून लावले तर उलट मी जास्तच जोर लावीन ना, यात कोणाचं काय गेलं? प्रश्न प्रामाणिक असतो म्हणून मी त्याला कधी उडवून लावत नाही, खडू घेऊन फळ्यावर एक आठवडा मांडतो. सोमवार ते रविवार. तू मॅनेजर आहेस, मंगळवारी तू मोठी रक्कम लावलीस, बुधवारी लावली नाहीस. मंगळवारी सामना अडचणीत आला, तुझा सगळ्यात चांगला रिलीफ पिचर, म्हणजे मधेच बदली म्हणून येणारा, काल खेळून दमलाय, त्याच्या खांद्याला आराम हवाय. पैसे लावलेले नसते तर तू त्याला बसवला असतास. आज तू त्याला मैदानात उतरवतोस, दोन इनिंग जास्त टाकायला लावतोस. बुधवारी तो नाही. त्याचा खांदा गेला तर त्याचं करिअर गेलं, आणि त्याला कधी कळणारही नाही का ते. मंगळवारी टीम जिंकली, फिक्सिंग काहीच झालं नाही, पण निर्णय विकला गेलाच.

मग मी त्याच फळ्यावर बुधवारवर गोल करतो. बुकी गाढव नसतो. ज्या माणसाला टीममधली प्रत्येक दुखापत आणि प्रत्येक भांडण माहीत आहे, तो मंगळवारी लावतो आणि बुधवारी गप्प बसतो, तेव्हा ते गप्प बसणं हीच बुकीसाठी बातमी असते, त्यावर तो भाव बदलतो, स्वतः दुसरीकडे पैसे टाकतो. रोझने २००७ मध्ये रेडिओवर सांगितलं होतं की मी रोज रात्री माझ्या टीमवर लावायचो, माझा टीमवर इतका विश्वास होता. डाऊडने हे साफ फेटाळलं, रोज लावत नव्हता असंच त्याचं म्हणणं. आणि मला वाटतं रोझलाही कळत होतं की "रोज" हा शब्द किती महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्याने तो वापरला.

तिसरी गोष्ट उधारीची. बेकायदा बुकीकडे खातं चालतं, रोख नाही. हरत गेलास की आकडा चढतो, आणि एक दिवस समोरचा माणूस सांगतो की पैसे राहू देत, फक्त उद्या कोण खेळणार नाही तेवढं सांग. इथून पुढे काय काय होतं ते मी सुनावणीत ऐकलंय, मोठमोठ्या रकमांनी सुरुवात कधीच नसते, सुरुवात एका बारीकशा माहितीने होते. त्यामुळे मेजर लीगच्या रूल २१ मध्ये जे लिहिलंय, की ज्या सामन्यात तुझी जबाबदारी आहे त्यावर पैसे लावलेस तर कायमचा बाहेर, बाजूने लावलेस की विरुद्ध हा फरकच न करता, ते अगदी योग्य आहे. आणि हा नियम प्रत्येक क्लबहाऊसच्या, म्हणजे टीमच्या ड्रेसिंग रूमच्या, भिंतीवर लावलेला असतो. रोझने तो २० पेक्षा जास्त वर्षं रोज पाहिला होता.

मग एवढं सगळं म्हणून मी त्याला मत का देतो?

कारण बंदी आणि सन्मान ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या लोकांकडे आहेत. बंदी कमिशनर घालतो, कशासाठी, तर त्या माणसाला ड्रेसिंग रूमपासून, खेळाडूंपासून, निर्णयांपासून लांब ठेवायला. हॉल ऑफ फेम ही कूपरस्टाऊनमधली स्वतंत्र संस्था आहे, तिथे आधी पत्रकार मतदान करतात, ७५ टक्के मतं लागतात, आणि मतदारांना दिलेल्या निकषांत खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे चारित्र्य तोलायची सोय आधीपासून होती. पण रोझ पहिल्यांदा पात्र व्हायच्या आधी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, हॉलच्या बोर्डाने नियम केला की कायम अपात्र यादीतल्या कोणाचंही नाव मतपत्रिकेवर येणार नाही. माझा आक्षेप या नियमावर आहे. तोपर्यंत असा लिखित नियम नव्हता, एका माणसाचं नाव दारात येऊन उभं राहिलं तेव्हा केला. शिस्तीच्या कामात आम्ही पहिलीच गोष्ट शिकतो ती ही, की समोर माणूस बघून नियम करायचा नाही.

स्टेरॉइडवाल्यांचं बघा. बॅरी बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, दोघांवर डोपिंगचे इतके आरोप, पण अपात्र यादीत नव्हते म्हणून दोघांची नावं दहा वर्षं मतपत्रिकेवर होती. पत्रकारांनी दरवर्षी विचार केला, वाद घातले, लेख लिहिले आणि दहाही वर्षं दोघांना ७५ टक्क्यांच्या खाली ठेवलं. मला तो निकाल पटो न पटो, पण प्रक्रिया झाली. रोझला हीच प्रक्रिया मिळायला हवी होती. कदाचित पहिल्या काही वर्षांत, तो खोटं बोलत होता तोपर्यंत, लोकांनी त्याला नाकारलंच असतं, आणि ते योग्यच झालं असतं. २००४ नंतर काय केलं असतं हे आपल्याला कधीच कळणार नाही कारण विचारलंच नाही कोणी.

आणि त्याच्या हिट्सवर डाग नाही, हा माझ्यासाठी निर्णायक मुद्दा आहे. डाऊडच्या रिपोर्टमधल्या बेसबॉलच्या बेट्स १९८५ ते १९८७ च्या, म्हणजे करिअरच्या शेवटच्या टप्प्यातल्या आणि नंतरच्या आहेत. २०१५ मध्ये एक जुनी वही समोर आली त्यावरून तो १९८६ मध्ये, खेळाडू-मॅनेजर असतानाही, लावत होता हे दिसलं, म्हणजे "खेळताना कधीच नाही" हेही खोटंच निघालं. पण १९८६ हे त्याचं खेळाडू म्हणून शेवटचं वर्ष. कॉबचा रेकॉर्ड त्याच्या आदल्या वर्षीचा. समोरच्या पिचरने टाकलेला बॉल आणि रोझने मारलेला फटका, त्यात कोणी काही विकलेलं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच किती वेगळ्या पद्धतीने हाताळलं ते बघण्यासारखं आहे. १९६३ मध्ये कमिशनर पीट रोझेलने ग्रीन बे पॅकर्सचा पॉल हॉर्नंग आणि डेट्रॉइट लायन्सचा अॅलेक्स कॅरस या दोन स्टार खेळाडूंना बेटिंगसाठी बाहेर काढलं. हॉर्नंगने लगेच चूक मान्य केली, एक सीझन घरी बसला, १९६४ मध्ये परत आला, १९८६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. कॅरस तसा नमला नाही, त्याला २०२० पर्यंत थांबावं लागलं, तोपर्यंत तो या जगात नव्हता. यामुळे फुटबॉलची विश्वासार्हता कुठे बुडाली असं मला तरी दिसत नाही. बेसबॉलमध्येही लिओ ड्युरोशर या मॅनेजरला जुगाऱ्यांशी संबंध वगैरे कारणांनी १९४७ चा अख्खा सीझन बाहेर ठेवलं होतं, तो १९९४ मध्ये हॉलमध्ये आला. विली मेज आणि मिकी मँटल या निवृत्त दिग्गजांना तर नुसतं कसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी घेतली म्हणून बेसबॉलपासून दूर केलं होतं, १९८५ मध्ये परत घेतलं, आणि त्या काळात हॉलमधले त्यांचे फलक कोणी भिंतीवरून उतरवले नाहीत.

क्रिकेटमधलं उदाहरण तर याहून टोकाचं आहे. १९८१ ची हेडिंग्ले टेस्ट, इंग्लंडला फॉलोऑन, भाव ५००-१, आणि ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने १० पौंड आणि रॉड मार्शने ५ पौंड इंग्लंडच्या विजयावर लावले. स्वतःच्या टीमच्या विरुद्ध! बोथम आणि विलिसने सामना फिरवला, ऑस्ट्रेलिया १८ धावांनी हरली, दोघांना पैसे मिळाले. लिलीने त्या सामन्यात सात विकेट्स काढल्या आहेत, मुद्दाम हरला असं कोणीही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तेव्हा तसा नियमच नव्हता म्हणून कारवाई नाही, आणि आज दोघंही आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. आजच्या नियमाने दोघांवर बंदी आली असती. त्यांचा सन्मान काढून घ्या असं माझं अजिबात म्हणणं नाही, फक्त एवढंच की "सट्टा लावला म्हणजे सन्मान नाही" असा सरसकट नियम कोणत्याच खेळाने खऱ्या अर्थाने पाळलेला नाही.

जॅक्सनचं वेगळं आहे आणि इथे मी कठोर आहे. १९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, आणि जॅक्सनच्या शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांवर पैसे घेऊन हरल्याचा ठपका. कोर्टात १९२१ च्या ऑगस्टमध्ये सुटले, दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिसने आठही जणांना कायमचं बाहेर केलं. जॅक्सनच्या बाजूने नेहमी सांगतात की त्याने त्या सिरीजमध्ये .३७५ ने बॅटिंग केली (म्हणजे हजारात ३७५ वेळा हिट, हे प्रमाण खूप चांगलं), १२ हिट्स मारले, फील्डिंगमध्ये एकही एरर (चूक) नाही, मग तो कसला हरतोय. मान्य, आकडे तसेच आहेत. पण तेच आकडे फोडून बघा: टीम जिंकली त्या तीन सामन्यांत .५४५, हरली त्या पाचांत .२८६. आठ सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण मग .३७५ वरूनही होत नाही. राहतं ते त्याचं ग्रँड ज्युरीसमोरचं बोलणं, की २०,००० डॉलर ठरले होते आणि ५,००० मिळाले. पैसे घेतले. परत केले नाहीत. तो अशिक्षित होता, त्याला नीट वकील मिळाला नाही, मालकाने आपल्या सोयीने वापरलं, या सगळ्याचं मला खरंच वाईट वाटतं आणि बंदीच्या शिक्षेत त्याचा विचार व्हायला हवा होता. पण सन्मान देताना नाही. सामना विकायचे पैसे ज्याने खिशात घातले त्याच्या प्रत्येक चुकीच्या थ्रोवर, प्रत्येक सोडलेल्या बॉलवर कायम शंका राहणार, आणि ती शंका समोरच्या प्रामाणिक सिनसिनाटीच्या खेळाडूंवरही अन्याय करते, ते वर्ल्ड सिरीज जिंकले आणि शंभर वर्षं लोक म्हणतायत की त्यांना जिंकू दिलं. त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही, त्याची मला चीड येते.

बक वीव्हर हा त्याच आठांतला. बैठकांना हजर होता, पैसे घेतल्याचा पुरावा नाही, .३२४ ने खेळला, फक्त सांगितलं नाही. न सांगणं हाही गुन्हाच, आजही असतो, पण फिक्सरइतकीच शिक्षा ही माझ्या मते लँडिसची चूक होती. आयुष्यभर अर्ज करत राहिला आणि १९५६ मध्ये तसाच गेला.

हाच निकष मी क्रिकेटला लावतो. हॅन्सी क्रोनिएने सेंच्युरियनच्या टेस्टमध्ये, जानेवारी २०००, डाव सोडून द्यायचा सौदा केला आणि त्याचे पैसे आणि एक लेदर जॅकेट घेतलं. कॅप्टनचा निर्णय विकत गेला. शिवाय टीममधल्या ज्युनिअर मुलांनाही त्यात ओढायला गेला. कितीही मोठा कॅप्टन असो, नाही. अझरुद्दीनचं नाव लोक लगेच घेतात, पण त्याच्यावरची बंदी २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने बेकायदेशीर ठरवली, त्यामुळे मी त्याला या यादीत धरतच नाही. उलट ज्यांच्यावर बंदी आलीच नाही तिथे मला जास्त अस्वस्थ वाटतं. पाकिस्तानच्या कय्युम आयोगाने २००० मध्ये वसीम अक्रमला दंड केला, कॅप्टन्सीपासून दूर ठेवा म्हणून शिफारस केली, वकार युनूसलाही दंड झाला. दोघं आज आयसीसीच्या हॉलमध्ये आहेत. पुरावा पुरेसा नव्हता म्हणून संशयाचा फायदा दिला हे योग्यच, तरी त्यांच्या सन्मानाच्या मजकुरात याचा एक शब्द नसावा हे मला खटकतं.

आता बंदी मृत्यूबरोबर संपते या निर्णयाबद्दल. रोझ ३० सप्टेंबर २०२४ ला गेला, मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेडने जाहीर केलं की कायमची बंदी माणसाबरोबर संपते, आणि रोझ, जॅक्सनसकट १७ जण यादीतून बाहेर आले. जो माणूस आता नाही तो खेळाला धोका देऊ शकत नाही, हा त्याचा तर्क मला पटतो, बंदीचा हेतूच तो होता. पण हॉलचा १९९१ चा नियम तसाच असताना हे झालं म्हणून निकाल विचित्र झाला, माणूस जिवंत असेपर्यंत विचार करायचा नाही आणि गेल्यावर करायचा. हॉलने जिवंत असतानाच नाव मतदानाला घेतलं असतं तर रोझला निदान तोंडावर हो किंवा नाही ऐकायला मिळालं असतं.

काही जण म्हणतात की २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अमेरिकेत बेटिंग कायदेशीर होत गेलं, लीग स्वतः बेटिंग कंपन्यांकडून पैसे घेते, मग रोझला शिक्षा कशाची. हा युक्तिवाद मला मान्य नाही. प्रेक्षकाने लावणं आणि निर्णय घेणाऱ्याने लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टुकुपिटा मार्कानो या मेजर लीगच्या खेळाडूला जून २०२४ मध्ये आजीवन बंदी आली, २४ वर्षांचा पोरगा, स्वतः दुखापतीने बाहेर असताना स्वतःच्याच टीमच्या सामन्यांवर लावले म्हणून. नियम तोच, १९८९ चाच. उलट आता प्रत्येक ब्रेकमध्ये बेटिंगची जाहिरात दिसते म्हणून तरुण खेळाडूला हा नियम जास्त घट्ट सांगायला लागतो, माझ्या सेशनमध्ये तर हल्ली अर्धा वेळ यातच जातो.

रोझविरुद्धचा आणखी एक मुद्दा टाळता येणार नाही. २०१७ मध्ये कोर्टातल्या कागदपत्रांतून एका महिलेने १९७० च्या दशकात, ती अल्पवयीन असताना, त्याने संबंध ठेवल्याचा आरोप केला, आणि फिलाडेल्फिया फिलीज या त्याच्या जुन्या टीमने त्याचा ठरलेला सन्मान रद्द केला. जुगारापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. कोणी मतदार या कारणाने त्याला नाकारत असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण ते मतदानात तोललं जावं, जुगाराच्या नियमाच्या आडून नको.

पुढचं असं, की जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी १६ जणांची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल, १२ मतं लागतील, त्याआधी दुसरी एक समिती आठ नावं निवडेल. तिथे दोघांचीही नावं आली तरी मला आक्षेप नाही, नाव येणं आणि मत मिळणं यात फरक आहे. रोझला हो म्हटलं तर एक अट मात्र असावी, फलकावर ४,२५६ च्या खाली तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा की मॅनेजर असताना स्वतःच्या टीमच्या सामन्यांवर बेटिंग केल्यामुळे १९८९ मध्ये आजीवन बंदी, २००४ पर्यंत इन्कार. त्याच्या बॅट आणि इतर वस्तू तर हॉलच्या म्युझियममध्ये कधीपासूनच ठेवलेल्या आहेत.